बंबात घातलेला कागद

गंगापूर रोड, नाशिक
१८ नोव्हेंबर २००७

चि. गोरक्षास अक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. बरं काही नाही. तू फोन उचलत नाहीस. नाशिकरोडला येऊन दार वाजवलं तर तुझी पोरं म्हणतील, आत्या तमाशा करते. म्हणून पत्र. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून घे.

माझ्या प्रतिभाचं काम तुला माहीत आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद येतात, कुणाचा गुडघा, कुणाचं पित्त, प्रत्येकाला ही नंबर लावते. तो नंबर बघून तिकडची विमा कंपनी दवाखान्याला पैसे देते. ऑगस्टात हिनं चाळीसेक कागदांवर भलताच नंबर लावला. पैसे अडकले, दवाखाना भरपाई मागतो. आणि हिच्या ऑफिसातला टायवाला म्हणतो, "तुम्ही ठेक्यावर आहात. कामात चूक झाली तर म्हणून विमा तुमचा तुम्ही काढायचा होता, करारात लिहिलंय."

मी गेले होते ना तिथं, भाजीची पाटी दाराशी ठेवून. म्हटलं, पोरगी दिवसाला शंभर कागद बघते, जेवायला तरी सोडता का? तर म्हणतो, "मावशी, तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बसा म्हणे!

शनिवारपर्यंत पॉलिसी दाखवायची, नाहीतर भरपाई हिच्या अंगावर आणि काम बंद. प्रतिभानं मला बसवून सांगितलं, मामाला लिही. विम्याचा फॉर्म त्यानं हरवला, आता मागची तारीख टाकून पॉलिसी त्यानंच द्यावी. एजंट कशाला झालाय? तर लिहिलं.

ती तुला फोनवर बोलली तेव्हा मी भाकरी थापत होते. "फॉर्म आलाच नाय काय म्हणतोस मामा? आईनं तुझ्या हातात दिला. खोटारडा आहेस तू!" मग माझ्याकडं वळली, "आई, दिला होतास ना?" मी भाकरी उलटवली. म्हटलं, "हां."

दिला नव्हता रे.

जूनमध्ये तिनं फॉर्म भरून, सही करून माझ्याकडं ठेवला, मामा बाजारात आला की दे म्हणून. तू दोनदा आलास, मेथी घेऊन गेलास. तेव्हा सिन्नरचे पाहुणे तिला बघून गेले होते. फॉर्मवर लिहिलेलं, कामातल्या चुकीबद्दल विमा. लग्नाच्या पोरीची सही असल्या कागदावर? उद्या सासरचे म्हणतील, चुका करणारच म्हणून आधीच सोय करून ठेवली. मी बंबात घातला. त्याच पाण्यानं अंघोळ केली. पाहुण्यांनी पुढं होय-नाय काहीच कळवलं नाही.

भाऊबीजेला पाट मांडून बसले होते. कोणत्या तोंडानं वाट बघत होते, मलाच माहीत.

मागची तारीख टाकू नको. तुझी एजन्सी जाईल आणि खोटं आधीच लय झालंय. शनिवारी त्या टायवाल्यासमोर काय बोलायचं तेवढं येऊन पोरीला समजावून सांग. तुला त्यातलं कळतं, मला बाहेर बसवतात.

प्रतिभाला सांगायला दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. आता हे पाकीट चिकटवत नाही. पेटीत टाकायला तिच्याकडंच देते आणि आधी वाच म्हणते. पत्र तुझ्या हातात पडलं म्हणजे तिनं वाचलं असं समज.

तुझं नाव खराब होताना गप्प बसलेली,
अक्का