चिलट म्हणालात त्याबद्दल

कॅसलरॉक, दिवाळीनंतरचा बाजारवार

पण महिपतीभाऊ, चिलटच का? दुसरं काही सुचलं न्हाई तुमाला? आधी पाया पडतो, वहिनींना दंडवत, ढवळ्याचा खूर बरा झाला का कळवा, आणि मग ऐका. कान्हे गावी अंबाजींच्या पडवीत पोरगी बघाया गेलतो, चहा निम्मा झालेला, आणि सख्खा थोरला भाऊ म्हणतो, आमचा बजरंग म्हंजे चिलट, एका जागी ठरत न्हाई. (लोणावळ्यात चिक्कीवाल्याकडं मी आख्खा पावसाळा काढला, ते कुणी सांगितलं न्हाई.) रतन दाराआड हसली आणि सोयरीक तितंच लटकली.

चिलट म्हंजे काय? बैलाच्या डोळ्यावर बसायचं, हाकललं की आपल्या कानाशी, तितनं फणसाच्या गऱ्यावर, फिरून डोळ्यावर. जन्मात गोठा सोडत न्हाई. मी तर घाट ओलांडून परमुलखात रुळाखाली खडी ठोकतोय. मग गोठ्यात कोण राहिलं, ते मी लिहीत न्हाई. तुमी वडील आहात.

परवा मला लाल बावटा देऊन वळणावर उभं केलं. ऊन कोवळं, दरीत धुकं. आणि त्या धुक्यातनं फुलपाखरं वर आली. काळी, निळसर ठिपक्यांची, मागनं आणखी, त्यामागनं आणखी, कुणालाच घाई न्हाई. वाळल्या खुळखुळ्याच्या झुडपांवर टेकायची, उठायची, रूळ ओलांडायची. वाळत घातलेलं निळं लुगडं वाऱ्यानं अलगद उचलून न्यावं तसं. (आपल्या गावी औंढ्याच्या बांधावर बी खुळखुळा हाय. ही तिकडचीच असतील म्हणून मी वहिनींच्या चुलीचा वास येतोय का बघितलं.) तेवढ्यात मालगाडी आली आणि माझा हात आपोआप वर झाला.

गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. "कोण मेलं रं?"

"कोण न्हाई. पाव्हणं चाललेत."

तो शिव्या देणारच होता, पण एक पाखरू त्याच्या टोपीवर बसलं आणि गडी विडी पेटवून बघत राहिला. मुकादमानं मात्र माझी हजेरी कापली.

ती लांब जातात भाऊ, पण परत येतात. मी त्यातला.

तुमचा धाकटा,
बजरंग

ता.क. हजेरी कापताना मुकादम म्हणाला, येड्या, जी जातात ती परतत न्हाईत, त्यांची पोरं परततात. तवापासून जेवण गोड लागंना. मी हितं एकटा, माझं कोण परतायचं? तर कान्ह्याला जा, आणि ते चिलट माघारी घ्या.

आणखी ता.क. चिलटं हितं बी लय. कानाशी आलं की तुमीच बोलताय वाटतं, मग मारवत न्हाई. तिकिटाला आणि अंबाजींपुढं ठेवायच्या नारळाला मनिऑर्डर केलीय, रुपये सात.