पान माझं, मजकूर लोकांचा

कराड, मंगळवार, १४ सप्टेंबर १९९९

शिवणक्लासवाल्या रुक्सानाभाभी आज दुकानात आल्या. मी गावासाठी केलेल्या वेबसाइटवर कुणीही काहीही लिहू शकतं. तिथं त्यांच्या मुलीबद्दल कुणीतरी घाण लिहिलंय. चार घड्या घातलेला त्या पानाचा प्रिंट उलगडून म्हणाल्या, "आवं, पान तुमचंच हाय न्हवं? मग पुसा की."

म्हटलं, लिहिलं मी नाही. पेपरात आलेला परदेशातल्या कोर्टाचा निकालही सांगितला: लोक लिहितात, त्याला साइटवाला जबाबदार नाही. त्यांनी कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या, गेल्या.

निकाल माझ्या बाजूचा. मग तो कागद डोक्यातून का जात नाही?

आज सकाळीच दुकानाच्या भिंतीवर कुणीतरी माझ्याबद्दल असंच घाण लिहिलं होतं. कुणी, ते न विचारता मी लगेच चुना फासला.