टाकीवरचा रेडिओ

८ जून, गुरुवार

विकला! मॅनेजरने सगळ्यांना खोलीत बोलावलं, पंखा बंद केला — आवाज करतो म्हणून — आणि घाम पुसत पुसत सांगितलं. एक जुलैपासून ओसे रेडिओ राजधानीतल्या, अक्राच्या मालकांचा. आवाज तिकडून येणार, इथे ओबुआसीत फक्त मनोरा राहणार. आपल्या मॅचेस नाहीत. आपली त्वी भाषा नाही. लंडनच्या फुटबॉल क्लबांवरून इंग्रजीत भांडणारी पोरं असतील म्हणे.

"आणि मयतांच्या बातम्या?" मी विचारलं. त्या मीच वाचते, सव्वीस वर्षं.

"सिस्टर फिलो, अक्रावाल्यांना आपले मेलेले काय माहीत!"

अट्टा हसला. वायरींमध्येच म्हातारा झालेला आमचा तंत्रज्ञ.

शेवटची मॅच पंचवीसला. आपले अडान्सी लायन्स, घरच्या मैदानावर. ती बोआहेननेच सांगायची! आमची पहिली मॅच त्याने सांगितली, शेवटची दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकणार नाही.

९ जून

सकाळीच बोआहेनकडे. रेडिओ सोडल्यापासून तीन वर्षांत किती आटलाय. सुजलेले पाय बादलीत, बहीण सेरवा शेजारी कांदे चिरत बसलेली.

"या, मयतबाई! माझं नाव लिहून घ्यायला आलीस? थांब अजून."

"मॅच सांगायला चल."

"त्या पायऱ्या कोण चढणार?"

"टाकीवर चढलास की!"

"तेव्हा पाय होते. अक्कल नव्हती."

"आता दोन्ही नाहीत," सेरवा म्हणाली. मान वर न करता.

मी विक्रीचं सांगितलं. त्याने एक पाय बादलीतून बाहेर काढून ठेवला. मग म्हणाला, "खुर्ची ठेव, सिस्टर. हातवाली. येतो मी."

शब्द दिलाय. परतताना मी इतकी भरभर चालले की चर्चपाशी चप्पल तुटली.

१२ जून

मॅनेजर म्हणतो, शेवटच्या दिवशी रेडिओचा इतिहास सांगा, दहा मिनिटांत बसवा. दहा मिनिटांत! कुठून सुरुवात करू?

टाकीपासूनच. सत्त्याण्णव साली क्लबवाल्यांनी आम्हाला मैदानात पाऊल ठेवू दिलं नाही — फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढेल! बोआहेन टेलिफोनची वायर कमरेला बांधून मागच्या पाण्याच्या टाकीवर चढला. तिथून अर्धंच मैदान दिसायचं. पलीकडचा गोल एका अवाढव्य सावरीच्या झाडामागे. मग त्या बाजूला बॉल गेला की तो गप्प बसायचा, कान लावायचा. लोक "ओसे!" असा जयघोष करून ओरडले की हा "गोल!" ओरडायचा. रेडिओचं नाव त्यावरूनच पडलं.

एकदा लोक ओरडले, याने गोल दिला. सगळं ओबुआसी नाचलं. बाजारात सेरवाने कापडाचा आख्खा गठ्ठा उधळला. मैदानातून माणसं परतली तेव्हा कळलं — एक बकरी आत शिरली होती आणि तिने पंचाला पाडलं होतं! गोलबिल काही नाही. आजही म्हातारी माणसं विचारतात, "बोआहेन, बकरीचा स्कोअर काय?"

मी त्याच महिन्यात आले. आईचं निधन झालं होतं, बातमी द्यायला म्हणून. स्टुडिओ म्हणजे सेरवाच्या कापडदुकानामागची खोली. वाचणारा मुलगा आईचं नाव चुकला. दोनदा! मी त्याच्या हातातून कागद घेतला आणि शाळेतल्या नन, सिस्टर बेनेडिक्टाने शिकवलं तसं वाचलं — पाठ ताठ, शब्दाची शेपटी गिळायची नाही. बोआहेन दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "उद्यापासून या."

खेळाच्या रेडिओला जाहिराती कोण देणार तेव्हा? लोक पैसे भरून देत त्या मयतांच्या बातम्यांवरच तो जगला. मॅच संपली की बोआहेन म्हणायचा, "खेळ संपला. आता सिस्टरला ऐका." दर रविवारी हेच. मला ते वाक्य ऐकल्याशिवाय आठवडा संपल्यासारखा वाटत नसे. अजून वाटत नाही.

हे सगळं दहा मिनिटांत कसं सांगणार?

१५ जून

त्याला हॉस्पिटलात नेलं. छातीत पाणी. मला कुणी कळवलं नाही! बाजारात कळलं, मासेवालीकडून.

१७ जून

गेले होते. दारातच सेरवाने अडवलं. "कुणाला सोडत नाहीत, सिस्टर. तुलाच काय, बिशपलाही नाही."

"मॅचला येईल ना?"

"तोंडात तेच आहे त्याच्या. मला खुर्चीचा रंग विचारत होता."

थर्मासमध्ये कोंबडीचं पातळ सूप केलं होतं, ते दिलं. आल्याचा वास घरभर अजून आहे. जेवले नाही.

१९ जून

थर्मास परत आला. रिकामा, घासूनपुसून! सेरवा स्वतः घेऊन आली. बसली मात्र नाही.

"काय म्हणाला?"

"मीठ कमी होतं म्हणाला."

मला इतकं हसू आलं! हाच तो. ठणठणीत होतोय. ताबडतोब दुसरं केलं, मीठ नीट घातलं, तिच्याच हाती दिलं. ती थर्मास छातीशी धरून उभीच. "जा ना, निवेल," मी म्हटलं.

२१ जून

दुसरा थर्मासही आला. रिकामा. निरोप नाही.

आज मयतांच्या पाच बातम्या. एका घरचा माणूस आठवड्यापूर्वीच गेला होता. इतके दिवस शेजाऱ्यांना ते "बरा आहे, झोपलाय" असंच सांगत होते. आमच्याकडे घरचे मोठे एकत्र बसल्याशिवाय, मग दारूची चौकोनी हिरवी बाटली घेऊन आपल्या माणसांकडे गेल्याशिवाय कुणाला मेला म्हणत नाहीत. तोवर विचारायचंही नसतं. मी कधीच विचारत नाही. कागद आला की वाचायचं.

खुर्ची मिळत नाहीये! चर्चमधल्या सगळ्या बिनहाताच्या.

२४ जून

खुर्ची मिळाली. न्हाव्याची. लाल रेक्झिन, हात रुंद. अट्टाने आणि मी मैदानाच्या वरच्या खोलीत चढवली. अट्टा म्हणाला, "सिस्टर, तो आला नाही तर?"

"येईल."

तो वायर गुंडाळत बसला.

संध्याकाळी सेरवाच्या दुकानात. गिऱ्हाईक नव्हतं तरी ती कापडं मोजत होती. "उठवत नाही गं त्याला," म्हणाली. "तूच सांग मॅच. रेडिओ त्याच्या उशाशी ठेवते मी."

मी? मी आयुष्यात फक्त मयतांच्या बातम्या वाचल्या!

२५ जून, रविवार

सांगितली. देवा!

सुरुवातीला माझा आवाज त्याच जुन्या वळणावर जाई. "लायन्सचे डावे बचावपटू... पुढे निघाले... सोबत त्यांचे बंधू..." खालून कोणीतरी ओरडलं, "सिस्टर, बॉल जिवंत आहे अजून!" सगळा स्टँड हसला. मीही. मग सुटलेच. काय काय बोलले आठवत नाही. त्या गोलरक्षकाला गाढव म्हणाले, तेवढं आठवतंय. सिस्टर बेनेडिक्टा, क्षमा.

शेवटी शेवटी बॉल पलीकडच्या टोकाला. पुढे माणसं उभी राहिली, मला काही दिसेना. डोळे मिटले. कान लावला. "ओसे!" — आणि मी ओरडले, "गोल! बोआहेन, ऐकतोयस ना? बकरी नाही रे, खराच गोल!"

अट्टाकडे बघितलं. त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता. डोळे पुसत होता. एका गोलसाठी एवढं!

शिट्टी झाली. ते वाक्य मी कसं म्हणणार? ते त्याचं आहे. खुर्ची रिकामीच होती. मी तिच्याकडे बघून सरळ बातम्या वाचायला घेतल्या.

२८ जून

निरोप नाही. सेरवाचं दुकान बंद. दोनदा जाऊन आले. मॅच आवडली की नाही, एवढं तरी कळवायचं!

३० जून

इतिहास सांगितला. नऊ मिनिटं. टाकी, झाड, बकरी. आईचं नाव घेतलं, नीट. मध्यरात्री अट्टा आमचं बटण बंद करणार म्हणे. मी थांबले नाही, घरी आले.

१ जुलै, शनिवार

सकाळपासून अक्रा बोलतंय. अंगणात रेडिओवर पोरं लंडनच्या कुणा खेळाडूच्या गुडघ्यावरून भांडत होती. फाटक वाजलं. सेरवा. सुतकाचं लाल-काळं कापड गुंडाळलेलं. मागे तिच्या घरचे तीन म्हातारे. एकाच्या हातात चौकोनी हिरवी बाटली.

बाटली. माझ्या घरी. गावात कुणाकडे जायच्या आधी.

म्हातारे बोलले ते ऐकू आलं नाही. सेरवा शेजारी येऊन बसली. "पहिलं सूप त्यानेच प्यायलं. मिठाचं त्याचंच बोलणं होतं. दुसरं मी प्यायले, सिस्टर. मीठ बरोबर होतं." मग म्हणाली, "मॅच होईपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही मी."

माझ्या तोंडून एवढंच आलं — "आता याचं वाचायचं कुठे? रेडिओच नाही."

फाटकाबाहेर शेजारीपाजारी जमले होते. सेरवा उठली. अक्राचा आवाज बंद केला. मग त्यांच्याकडे वळून, अगदी भावाच्या सुरात, म्हणाली —

"खेळ संपला. आता सिस्टरला ऐका."

मी पाठ ताठ केली.