पाइपाच्या तोंडावर हात

बाबा, काल घरात नवा व्हॅक्यूम क्लीनर आला आणि तुमच्यावरचा राग पुन्हा उफाळून आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, एव्हाना तो विरायला हवा होता. नाही विरला.

हिमायतनगरच्या घरातली ती रविवारची सकाळ. देशाचा बाजार नुकताच खुला झालेला, दर सुट्टीला कुठल्या ना कुठल्या कंपनीचा माणूस टाय लावून दारात उभा. आईचा दमा वाढला होता. गालिचा उचला, नाहीतर त्यातली धूळ तरी काढा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गालिचा तुमच्या साहेबांनी बदलीवर जाताना दिलेला, तो उचलणं शक्यच नव्हतं. म्हणून मशीन घ्यायचं ठरलं. विक्रेता तुम्हाला म्हणतो, पाइपाच्या तोंडावर हात ठेवा. हात चिकटतो. तुम्ही लहान मुलासारखे हसता. तो अजून चहा पीत बसलाय, तेवढ्यात दुसऱ्या कंपनीची मुलगी येते. तिच्या मशीनची हाताला ओढ कमी लागते. पण त्याने साफ केलेल्या जागेवरूनच ती आपलं मशीन फिरवते, आणि पाइपात मध्ये लावलेलं पांढरं फडकं बारीक मातीने काळं होतं. "साब, हात रखे तो हवा बंद हो जाती," ती शांतपणे सांगते. "पकड कित्ती भी रहने दो, हवा नै चली तो गालिचे की मट्टी नै निकलती." आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "हेच घेऊ या." तुमच्या खरेदीत ती बोलल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. "तुला काय कळतं मशीनमधलं?" तुम्ही त्या परक्यांसमोर म्हणालात, आणि पहिलंच घेतलंत.

चूक तुम्हाला कळली होती, याची मला खात्री आहे. त्या मशीनला तुम्ही पुन्हा कधी हात लावला नाहीत. आई ब्रश ओढायची, तो गालिच्याला घट्ट चिकटायचा, मोटर किंचाळायची, आणि तुम्ही पेपराआडून म्हणायचात, "बघ, गालिच्याला कसं धरलंय." माती आतच राहायची आणि आईची छाती रात्रभर वाजायची. एवढ्याशा हट्टापायी तुम्ही तिचे किती हाल बघत बसलात, हे मला आजही सहन होत नाही. तुमच्या तेराव्याचे पाहुणे पांगले तसा तिने स्वतःच तो गालिचा गुंडाळला. "देऊन टाक कुणाला तरी," म्हणाली. दमा गेला नाही, पण ती झोपू लागली.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही. पोचलं असतं तरी, या पोरीला काय कळतं, म्हणून तुम्ही बाजूला सारलं असतंत. एवढंच सांगायचं राहिलं की काल मशीन खोक्यातून काढलं आणि मी आधी पाइपाच्या तोंडावर हात ठेवला. तो असा चिकटला की मला हसू आलं, अगदी तुमच्यासारखं. आई शेजारी खुर्चीत बसली होती. माझ्या हाताकडे बघत ती म्हणाली, "काढ तो हात. हवा जाऊ दे."