विमानातली पुढची सीट

प्रिय स्नेहल,

तू पाठवलेलं विमानाचं तिकीट मी रद्द केलंय. तसा मेसेज तुला आलाच असेल, कारण तेव्हापासून तुझा फोन वाजतोय आणि मी उचलत नाही. फोनवर माझा आवाज चढतो, मग तू रडतेस. म्हणून लिहून काढतोय. तिकीटवाला सम्मेद समोरच बसलाय, तो या पत्राचा फोटो तुला आत्ताच पाठवेल.

अगं, त्या पुढच्या सीटचा भाव बघून माझं डोकंच फिरलं! विमान तेच, पायलट तोच, आणि पुढचा माणूस मुंबईला आधी पोचतो असंही न्हाय. मग एवढा फरक कशाचा? तडक राजारामपुरीत सम्मेदच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, काका, पुढं सीटा मोजक्या, पाय पसरता येतात, सामान जास्त नेता येतं, जेवण मिळतं, आणि बेत फिरला तर पैसेही फारसे कापत नाहीत. बरं, मागच्या सीटांचाही एक भाव नाही. लवकर घेणाऱ्याला बहुतेक स्वस्त, अडलेल्याला महाग. हे तर आमच्या गुळाच्या सौद्यासारखंच झालं की! पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. मी सवयीनं घासाघीस करून पाहिली. सम्मेद हसत सुटला. म्हणाला, काका, समोर माणूसच न्हाय, बोटं कुणाची धरणार?

तू माझ्या गुडघ्यासाठी पुढची सीट घेतलीस, हे कळतंय गं. एकच घेतलीस, तेही कळलं. ऋतुराजशी लग्न केलंस तेव्हापासून तुझी आई तुझ्याशी बोललेली नाही. बाळाच्या बारशाला ती येणार नाही, हे तू धरूनच चाललीस. मीही धरलं होतं. नातीचा विषय काढला की ती उठून आत जायची, आणि मला फार वाईट वाटायचं.

काल जेवताना मी त्या भावावरनंच बडबडत होतो. ती गुमान वाढत होती. मधेच म्हणाली, विमान दिवस मावळायच्या आत उतरतंय काय? मी म्हटलं, मला काय त्याचं, मी रात्रीचंही जेवतो की. तर कशी खेकसली माझ्यावर! तुमचं कोण विचारतंय, म्हणाली, मी पाळते नव्हं! दिवस मावळल्यावर ती अन्नाला शिवत नाही, हे तुला सांगायला नको. माझा घास हातातच राहिला बघ.

आज दुकान उघडायच्या आधीच सम्मेदच्या दारात उभा होतो. संध्याकाळचं पुढचं तिकीट रद्द केलं आणि सकाळच्या विमानाच्या मागच्या दोन सीटा घेतल्या, शेजारी शेजारी. खिडकीची तिला. भाव विचारला न्हाय. गुडघ्याचं मी बघतो. आता रडत बसू नकोस, फोन कर. मला नको, तिला कर. सकाळी मी निघालो तेव्हाच फोन मांडीवर घेऊन बसली होती.

तुझाच,
अप्पा