पायरीवाली ट्रॉली

मेडशी, माघ, मंगळवार संध्याकाळ

आज वाशीमहून नवी ट्रॉली आणली. वर छप्पर, आत बाकं, आणि मागे ती लोखंडी पायरी. आईचे गुडघे दुखायचे म्हणून ती मुद्दाम खाली लावून घेतली होती. ट्रॅक्टरमागं बसून घरच्या सगळ्यांसोबत पोहरादेवीला जायचं, एवढीच तिची इच्छा.

ट्रॉली मागच्याच महिन्यात तयार होती. पण आईनंच अडवलं. "पौषात नवी वस्तू घरात आणू नोको. मी काय पयून चालली?" पौष सरायच्या आत ती गेली. मग मी तो पाळला कोणासाठी? आणि चिडू तरी कोणावर?

थंडीनं स्टिअरिंगवरचे हात आखडले होते. तरी मालेगाव येईपर्यंत सारखं मागं वळून पाहत होतो. कायले, कोणास ठाऊक. ट्रॉली रिकामीच होती.

दारात बायकोनं चाकांना हळदकुंकू लावलं. नारळ मात्र फोडला नाही. म्हणाली, "ते पायरी काढून टाका ना. तुरीचे कट्टे भरताना आड येईन."

"राहू दे," एवढंच म्हणालो.

ती आत गेल्यावर पायरीवरून चढून पाहिलं. गुडघा वाकवावाच लागत नाही.