वही क्रमांक एकेचाळीसची व्यवस्था

मी, लिहून ठेवणार, वय सत्तावीस, धंदा सभागृहात लघुलेखिका, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. पुढच्या महिन्यात युद्धखर्च समितीबरोबर सीमेवरच्या दौऱ्याला जायचे आहे, आणि कागद अर्धवट ठेवून मला चैन पडत नाही, एवढेच कारण. आमच्या घरात मृत्युपत्र याआधी कोणी केलेले नाही. अंगठ्याऐवजी सही करणारीही मीच पहिली. काही चुकल्यास ती माझी चूक समजावी, वकिलाची नव्हे, कारण वकील केलेला नाही.

१. खालच्या वस्तीतल्या दोन खोल्यांमधला, वडिलांमागे मला आलेला हिस्सा धाकट्या भावाला द्यावा. वरच्या टेकडीत तांबे सापडल्यापासून आमचे बोलणे जवळपास बंद आहे. तो म्हणतो, "ताई, तू पंख्याखाली बसून लिहितेस, तुला पाण्याची काळजी परवडते. खाण आली की पहिल्या दिवशी मी रांगेत." डिझेल महागल्यापासून त्याचा ट्रक दारात उभा आहे, त्यामुळे त्याचे सगळेच चूक नाही. खाणीत काम करू नये अशी अट आधी घातली होती. ती काढली आहे. हिस्सा विनाअट.

२. बँकेतली शिल्लक आईला. ती विहिरीवरून रोज अकरा बादल्या आणते. तिने या पैशांतून आधी नळजोड घ्यावा. भावाच्या ट्रकमध्ये घालू नये. तिला वाचता येत नाही, म्हणून भावाने हा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवावा, कलम १ सकट.

३. माझा शब्दकोश आमच्या प्रमुख लघुलेखकांनी चार वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेला. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. फक्त तो माझा होता हे त्यांना सांगावे.

४. कपाटात चादरींखाली माझ्या लघुलिपीतली वही क्रमांक एकेचाळीस आहे. नियमाप्रमाणे ती तीन महिन्यांत नष्ट करायला हवी होती. केली नाही, हे कबूल करते.

ती का ठेवली हे लिहिणे भाग आहे. तोफगोळ्यांसाठी तांबे बाहेरून विकत घ्यावे की आपली टेकडी खणावी, यावर सभागृहात तीन दिवस चर्चा झाली. युद्धामुळे वीजकपात होती, म्हणून ध्वनिमुद्रण बंद. भिस्त फक्त आमच्या कानांवर. तिसऱ्या दिवशी खाणमंत्र्यांना पाण्याविषयी विचारले. ते म्हणाले, "खालच्या वस्तीच्या विहिरी दहाएक वर्षं आटतील, हे आमच्या अहवालातच आहे, पण बाहेरचं तांबं या भावात घेऊन लढाई..." तेवढ्यात गोंधळ झाला. तो शमल्यावर त्यांनी नवेच वाक्य सुरू केले: "पाण्याची योग्य ती काळजी घेतली जाईल."

अर्धवट राहिलेली वाक्ये गाळायची, असा आमच्या कचेरीचा रिवाज. महत्त्वाचे वाटल्यास प्रमुखांना विचारून ठेवता येते. मी विचारले नाही. विहीर माझ्या आईची. वाक्य ठेवले तर मी आपल्या वस्तीची बाजू घेतली असे होईल, ही धास्ती. निःपक्षपाती राहण्याच्या नादात मी ते गाळले. छापील वृत्तान्तात फक्त योग्य ती काळजी उरली. आता वस्तीची तक्रार सुनावणीला आली आहे, आणि सरकारचे उत्तर आहे की सभागृहात असे कोणी बोललेच नाही.

सबब माझ्या मृत्यूनंतर ही वही वस्तीच्या वकीलबाईंना द्यावी. हयातीत दिल्यास नोकरी जाईल.

पुरवणी, माझ्या हस्ताक्षरात:

वरचा मजकूर आमच्या कचेरीतल्या टंकलेखिकेने टाइप करून दिला. कागद हातात ठेवताना ती म्हणाली, "हे चौथं कलम काही चालायचं नाही."

"का? कायद्यात बसत नाही?"

"कायद्याचं मला नको विचारू. तुझी ती गिचमीड तुझ्याशिवाय कुणाच्या बापाला लागत नाही. तू गेल्यावर वाचायला कोण, तूच येणार?"

सोबत खुणांची यादी जोडते, असे मी म्हटले.

"बरं. सुनावणी कधी आहे?"

"चौदा तारखेला."

"मग तेराला मरायचा बेत आहे का, बये?"

मी घरी जाऊन चादरींखालची वही काढून आणली.

सबब कलम ४ रद्द. वही आज दुपारी वकीलबाईंच्या हाती दिली, पोच घेतली. चौदा तारखेला ती मी स्वतः उभी राहून वाचणार आहे. परिणामी कलम २ मधली रक्कम फारशी न भरण्याचा संभव आहे. आईने नळजोड तूर्त धरून चालू नये. मंत्र्यांचे वाक्य अर्धवट होते, ते अर्धवटच वाचीन. पुढे माझा एक शब्दही जोडणार नाही.

ठिकाण: टंकलेखन कक्ष, तळमजला
दिनांक: ११ जून, सायंकाळी पावणेपाच

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. (सही) टंकलेखिका. सही माझ्यासमोर झाली. शुद्ध पूर्ण होती.
२. (सही) दारावरचा रखवालदार. मजकूर वाचला नाही. सही होताना पाहिली.